आमची वाटचाल : जाळी, काटा आणि करारनामा

भंगार प्लास्टिकपासून पुन्हा दाणा करणाऱ्याला त्याच्या मालाची प्रत विचारू नये; एक्स्ट्रूडरची, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या मशीनची, गाळणीची जाळी किती वेळाने बदलता, एवढेच विचारावे. घरोघरून वेचून, निवडून, धुऊन आलेल्या एलडीला, म्हणजे पिशव्यांच्या मऊ प्लास्टिकला, आमच्याकडे एक जाळी जवळजवळ पाळीभर पुरते. ओल्या कचऱ्याबरोबर कॉम्पॅक्टरमध्ये दाबून आलेल्या मालाला तीच जाळी अर्ध्या तासात तुंबते, मशीन थांबवावे लागते आणि हीटर मात्र चालूच ठेवावे लागतात. आमच्या नगरपालिकेशी आमचा जो वाद चालला तो या तळहाताएवढ्या जाळीचा होता.

२००४ साली एक जुना ग्राइंडर आणि सिमेंटचा धुण्याचा हौद एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. मी कॉमर्सचा पदवीधर. मालाची पारख मला शिकवली ती एका कचरावेचक मावशींनी. संशय आला की मी काडी पेटवून तुकडा जाळून पाहायचो. एलडी किंवा एचडी (डब्या-बाटल्यांचे कडक प्लास्टिक) असेल तर विझवलेल्या मेणबत्तीचा वास येतो आणि पीव्हीसी असेल तर नाकात झोंबते. मावशींना काडीची गरज नव्हती. पिशवी मुठीत चुरगाळून त्या कानाशी धरत, कुरकुरली की पीपीच्या ढिगात टाकत आणि मऊ लागली की एलडीच्या. एकदा मी मोठ्या ऐटीत आणलेला स्वस्त लॉट पाहून त्या म्हणाल्या, "शेट, ह्यातला निम्मा माल हौदात बुडतोय बघा." एलडी, एचडी, पीपी पाण्यावर तरंगतात; बुडते ते आमच्या कामाचे नसते. निम्म्याहून जास्त बुडाला. पुढची काही वर्षे दाणा होत गेला, विकला जात गेला. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

२०१४ च्या जूनमध्ये कच्च्या तेलाचे बॅरल शंभर डॉलरच्या वर होते; जानेवारी २०१५ मध्ये ते पन्नासच्याही खाली आले. तेलापासून होणारा नवा दाणा स्वस्त झाल्यावर आमच्या काळ्या दाण्याकडे कोण पाहणार? चढ्या भावाने घेतलेल्या मालाच्या गोण्या छतापर्यंत लागल्या होत्या, बँकेचा हप्ता थकला होता, आणि ज्या व्यापाऱ्यांबरोबर दहा वर्षे चहा घेतला ते फोन उचलत नव्हते. तेव्हा मावशी आणि त्यांच्याबरोबरच्या दहा बायकांनी आठवड्याचा हिशेब महिन्यावर नेला. ज्यांच्या घरी रोजच्या कमाईवर चूल पेटते त्यांनी आम्हाला उधारी दिली, हे मी बँकेच्या साहेबांना सांगितले, तेव्हा ते हसले होते. ते हसणे मी विसरलेलो नाही.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करीत होती, आणि २००८ मध्ये तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या वेचकांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. घरटी शुल्क कुटुंबांनी थेट वेचकांना द्यायचे आणि सुका माल विकण्याचा हक्कही वेचकांकडेच ठेवायचा, अशी ती रचना आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वेचकांना व्यवस्थेत सामावून घेणे ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवली, तेव्हा तोच नमुना घेऊन आम्ही पालिकेकडे गेलो. पालिकेने शेड द्यावी, बायकांना ओळखपत्रे द्यावीत, आणि आम्ही फलकावर लिहिलेल्या दराने, सर्वांसमोर काट्यावर तोलून माल घ्यावा, असे ठरले. विजेची जोडणी तात्पुरती आमच्या नावावर घेतली. ती पालिकेने आपल्याकडे वळवून घ्यायची होती. दीड वर्ष हे उत्तम चालले.

मग बाहेरगावचा एक ठेकेदार आला. निविदेतील उलाढालीची अट अशी होती की आमच्यासारख्याने अर्जही विकत घेऊ नये. त्याला पैसे टनावर मिळणार होते, म्हणून ओले-सुके वेगळे ठेवण्याचे त्याला काही कारणच उरले नाही. नासलेल्या भाजीचे पाणी शोषलेला पुठ्ठा काट्यावर अधिकच भरतो. बायकांना दारांवरून हटवण्यात आले आणि उरलेसुरले प्लास्टिक दाबून, लडबडून आमच्या शेडमध्ये येऊ लागले. मी एकवीस पत्रे लिहिली. शेवटी एका तरुण अभियंत्याला कारखान्यात बोलावून दोन जाळ्या त्याच्या हातात दिल्या, एक बायकांच्या मालाची आणि एक कॉम्पॅक्टरच्या मालाची. दुसरी त्याने लगेच खाली ठेवली आणि रुमाल काढला.

२०२१ मध्ये चार प्रभाग पुन्हा बायकांकडे आले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून प्लास्टिक भंगारावरील जीएसटी पाचवरून अठरा टक्क्यांवर गेला, आणि बिनबिलाने खरेदी-विक्री करणाऱ्यांपुढे आमच्यासारखे बिल फाडणारे पुन्हा महाग ठरले. पण तो रडगाण्याचा वेगळा विषय आहे.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्या तरुणांना, त्यांनी विचारले नसले तरी, सांगतो: पालिकेशी करार करताना दराच्या कलमाआधी कचरा कोण आणि कुठे वेगळा करणार ते कलम वाचा, आणि त्यात 'शक्यतो' हा शब्द असेल तर सही करू नका. काटा स्वतःचा ठेवा. त्याची पडताळणी दरवर्षी करून घ्या आणि शिक्का वेचणाऱ्या बायकांना दिसेल अशा बाजूला असू द्या.

मावशी आता वेचायला जात नाहीत. त्यांची सून शेडमधील काट्यावर बसते आणि नोंदवही तिच्याकडे असते. त्या शेडचे वीजबिल अजून आमच्याच नावाने येते.