चिचेन इत्झाला गेलो नाही

मंगळवार, समुद्रात

आज दिवसभर जमीन दिसणार नाही. सकाळी मेक्सिकोच्या आखातात जहाज चांगलंच डोलत होतं, त्यामुळे आई आवळा सुपारी चघळत केबिनमध्येच पडून राहिल्या. दुपारी समुद्र निवळला तशा वर आल्या, चहा मागवला, पिशवी बुडवलेल्या गरम पाण्याकडे बघून नाक मुरडलं, आणि मग आमची बैठक भरली. आमच्या क्रूझची तीन बंदरं: होंडुरासचं रोआतान, मग मेक्सिकोतली कोस्टा माया आणि कोझुमेल. तिन्ही ठिकाणी उतरून करायचं काय?

पहिल्या दोन बंदरांचं पटकन मिटलं. वाद कोझुमेलवर.

नवऱ्याने ह्यूस्टनहून निघायच्या आधीच मनाशी ठरवलं होतं, चिचेन इत्झा. मेक्सिकोतलं प्राचीन माया लोकांचं शहर, जगातल्या नव्या सात आश्चर्यांपैकी एक, म्हणजे आपल्या ताजमहालाच्या पंगतीतलं. कुकुल्कान या सर्पदेवाचा पिरॅमिड, चारही बाजूंना ९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरला की ३६५. समोर उभं राहून टाळी वाजवली तर वरून पक्ष्याची शीळ ऐकू येते म्हणे. "इतक्या जवळ जाऊन ते बघायचं नाही?" हे त्याचं वाक्य मी जहाज सुटलं त्या टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या धक्क्यापासून ऐकते आहे.

पण जवळ कुठे आहे? कोझुमेल हे बेट आहे आणि चिचेन इत्झा मुख्य भूमीवर, तेही आत. म्हणजे जहाजातून उतरायचं, फेरीबोटीने प्लाया देल कार्मेनला जायचं, तिथून बस. मी कागदी रुमालावर मांडूनच दाखवलं. फेरी पाऊण तास, बस अडीच तास, हे दोन्ही परतीला पुन्हा, झाले साडेसहा. माणसं गोळा करणं, रांगा, वाटेत ज्या दुकानापाशी बस हमखास थांबते ते दुकान, आणि जेवण. जहाज कोझुमेलला अकरा तास थांबणार, त्यातला शेवटचा अर्धा तास धरायचा नाही कारण त्याआधीच सगळ्यांना आत यावं लागतं. उरतात दीड-दोन तास, आणि तेही ऐन दुपारचे. जहाजाच्या ॲपमध्ये सहलीचा कालावधी ठळक अक्षरात दिलेला असतो. त्यातला पाहण्याचा किती आणि बसच्या खिडकीतून झाडं मोजण्याचा किती, हे शोधायला खाली खाली जावं लागतं.

"मग जहाजाची सहल नको, आपण आपली गाडी करू, वेळ वाचेल," नवरा म्हणाला. इथे मात्र मी अडून बसले. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, नाहीच थांबता आलं तर पुढच्या बंदराला पोचवायची जबाबदारी ते घेतात. बाहेरून ठरवलेल्या गाडीचं टायर पंक्चर झालं तर कप्तान भोंगा वाजवतो आणि निघतो. आईंचा भारतीय पासपोर्ट, त्यात अमेरिकेचा व्हिसा. तो चालू असला की मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही हे खरं, पण त्या भरवशावर त्यांना घेऊन प्लाया देल कार्मेनच्या धक्क्यावर सुटणारं जहाज बघत उभं राहायची माझी तयारी नाही. माझं गणित सोपं आहे: मध्ये फेरी, बस, दुसरं गाव येत असेल तर जहाजाचीच सहल, पैसे जास्त गेले तरी. अर्ध्या तासाच्या टॅक्सीवरचं ठिकाण असेल तर जहाजाची सहल घेणं म्हणजे पन्नास माणसांच्या बाथरूमला जाऊन येण्याची वाट बघायचे पैसे भरणं.

प्रत्येक सहलीपुढे ॲपमध्ये एक चालणारा माणूस काढलाय. एक माणूस म्हणजे हलकी, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे दमवणारी. चिचेन इत्झापुढे दोन. मध्यम म्हणजे कुणाची मध्यम? सत्तरीत गोल्फ खेळणाऱ्याची, की गुडघ्यांना तेल चोळून झोपणाऱ्या आमच्या आईंची?

आई एवढा वेळ ऐकत होत्या. ३६५ पायऱ्या ऐकल्यावर म्हणाल्या, "तुम्ही तिघं जाऊन या. मी बसते जहाजावर. इथे वारा छान लागतो." आईंचं 'मी बसते' कधी खरं असतं आणि कधी नसतं, हे इतक्या वर्षांनी मला अजून ओळखता येत नाही. त्यांच्या मुलाला तर नाहीच नाही.

मार्ग लेकीने काढला. बेटाच्या मधोमध सान हेर्वासिओ नावाचे माया लोकांचे अवशेष आहेत. लहान आहेत, मोठा पिरॅमिड वगैरे काही नाही, पण ते इश्चेल देवीचं ठाणं. बाळंतपणाची, औषधांची, विणकामाची आणि चंद्राची देवी. मुख्य भूमीवरच्या माया बायका होड्या वल्हवत समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला यायच्या, आयुष्यात एकदा तरी यावं अशी रीत होती. आईंनी मिरजेला प्रसूतिगृहात नर्स म्हणून सगळी नोकरी केली. कान टवकारले. "म्हणजे आपली सटवाईच की," म्हणाल्या.

नवऱ्याने बराच वेळ समुद्राकडे बघितलं आणि मग "ठीक आहे" म्हणाला. ठीक नव्हतं.

बुधवार, रोआतान

होंडुरासचं बेट, पण टॅक्सीवाला अस्खलित इंग्रजीत बोलत होता. १८५९च्या तहापर्यंत ही बेटं इंग्रजांकडे होती, त्याचा हा शेष. त्यानेच सांगितलं की १७९७ मध्ये इंग्रजांनी सेंट व्हिन्सेंट बेटावरून हाकलून दिलेल्या गारिफुना लोकांना इथे आणून सोडलं, त्यांचं पुंता गोर्दा गाव अजून उत्तर किनाऱ्यावर आहे. जायला आवडलं असतं, पण आजचा दिवस लेकीचा होता आणि तिला पाण्यातच जायचं होतं.

बंदराबाहेर पडल्या पडल्या 'स्लॉथला कुशीत घ्या' अशा पाट्या. स्लॉथ म्हणजे तो झाडाला उलटा लटकणारा आळशी प्राणी. दिवसभर ह्याच्या हातातून त्याच्या हातात, फोटो, पुढचा माणूस. लेकीने बघितलंही नाही. मला बरं वाटलं. झिपलाइनवाल्यांनीही गाठलं, वजनाची अट आणि सही करायचा कागद बघून आम्हीच पळ काढला.

वेस्ट बे हा किनारा निवडण्याचं कारण एकच: तिथे प्रवाळ किनाऱ्यावरून पोहत जाण्याइतकं जवळ आहे. बोटीने नेऊन खोल पाण्यात टाकण्याची सहल माझ्यासारख्या जेमतेम पोहणारीसाठी नाही. हे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लांब प्रवाळरांगेचं एक टोक, युकातानपासून होंडुरासपर्यंत हजारेक किलोमीटर पसरलेली. लाइफ जॅकेट घातलं, स्नॉर्कलिंगची नळी तोंडात धरली, मास्कखाली अडकलेली बट लेकीने बाहेर ओढली (एक केस आत राहिला तरी पाणी शिरतं), आणि तोंड खाली घातलं. पहिलं मिनिट फक्त स्वतःच्या श्वासाचा आवाज. मग दुसराच आवाज यायला लागला, कुरूम कुरूम, अगदी स्पष्ट. मान वळवली तर निळा-हिरवा पोपटमासा चोचीने प्रवाळ खरवडत होता. तो खातो ते त्यावरचं शेवाळं, आणि सोबत पोटात गेलेला दगडाचा भुगा मागून पांढरी वाळू होऊन पडतो. पडताना बघितलासुद्धा. वर आल्यावर आईंना सांगितलं, तुम्ही बसलाय त्या वाळूत माशांचा वाटा आहे. त्यांनी पाय खुर्चीवर घेतले.

खाण्याचं मात्र आधी बघून ठेवायला हवं होतं असं ठिकाण. घरचा डब्यातला चिवडा जहाजाबाहेर नेऊ देत नाहीत, फळंही नाहीत, सीलबंद पाकीट चालतं. आईंनी बिस्किटांवर दुपार काढली आणि अंगावर मफलर घेऊन ३० अंशात झोपल्या.

गुरुवार, कोस्टा माया

बंदर म्हणजे क्रूझसाठीच बांधलेलं एक बाजारपेठेचं गाव. पाऊस. नवरा आणि लेक चाकचोबेनचे अवशेष बघून आले, बसने तासाभरावर. आम्ही दोघी पत्ते खेळलो.

शुक्रवार, कोझुमेल

सकाळी फोनने घोळ घातला. जहाजाचं घड्याळ गॅल्व्हस्टनच्या वेळेवर, आणि बेटाचं घड्याळ हिवाळ्यात त्याच्या एक तास पुढे. कोझुमेल ज्या राज्यात येतं त्या किंताना रोने २०१५ पासून वर्षभर एकच वेळ धरली आहे, टेक्सास मात्र उन्हाळा-हिवाळा काटे हलवत बसतं. किनाऱ्याचं नेटवर्क लागलं की फोन आपोआप बेटाची वेळ दाखवतो. आज ते सोयीचंच, त्या घड्याळाने चाललं तर माणूस तासभर आधी परत येईल. उन्हाळ्यात रोआतानला याच्या उलट होईल, फोन तासभर मागे आणि जहाज सुटलेलं. मी हातात साधं घड्याळ घालते ते याचसाठी.

धक्क्याबाहेर टॅक्सीच्या दरांचा फलक आहे, घासाघीस नाही. जाऊन-येऊन आणि तिथे थांबून किती, हे आधी बोलून घेतलं. वीसेक मिनिटांत शहर संपून दोन्ही बाजूंना खुजं जंगल सुरू झालं.

सान हेर्वासिओ खरोखरच लहान आहे. गुडघ्याएवढे, कमरेएवढे चौथरे, त्यांवर पसरलेल्या घोरपडीसारख्या इग्वाना, आणि डास. डासांचं मलम नसतं तर अर्ध्यातून परतलो असतो. पण जमीन सपाट, वर झाडांची सावली, आणि बघायला आणखी चार-पाच माणसं. आई काठी टेकत, थांबत, पुन्हा चालत, कुणाला खोळंबा नाही. पांढऱ्या दगडांची ती जुनी वाट आणि तिच्यावरची कमान दाखवून गाईड म्हणाला, यात्रेकरू बायका इथून आत यायच्या. आई कमानीच्या अलीकडे थांबल्या, चपला काढाव्यात का या विचारात दिसल्या, मग नुसते हात जोडले.

एका वास्तूला 'छोटे हात' असं नाव आहे. आत जाऊ देत नाहीत, पण बाहेरून भिंतीवर फिकट तांबडे पंजे दिसतात. बघायला जरा वेळ लागतो, डोळे सरावले की एकेक उमटत जातो. बोटं पसरलेली, तळव्याचा मधला भाग रंग न लागल्याने कोरा. आईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बाईमाणसाचे हात आहेत," म्हणाल्या. गाईडने असं काही म्हटलं नव्हतं. त्यांना विचारायची सोय नाही, आयुष्यभर बायकांचे हात धरून उभ्या राहिलेल्या.

१५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिको जिंकायला निघाला तो आधी याच बेटावर उतरला. इथल्या मूर्ती फोडल्या आणि मेरीची मूर्ती बसवली. हे मी मराठीत सांगितल्यावर आईंची प्रतिक्रिया: "बाळंतिणींची देवी फोडून काय मिळालं मेल्याला?" गाईडला भाषांतर हवं होतं. मी फक्त "त्यांना आवडलं नाही" एवढंच सांगितलं. मग आईंनी विचारलं, आता तिचं कोण करतं? तर म्हणे दर वर्षी मे महिन्यात मुख्य भूमीवरून माणसं पुन्हा होड्या वल्हवत बेटावर येतात, जुन्या यात्रेसारखी. पर्यटनासाठी सुरू केलेलं आहे हे त्याने लपवलं नाही. आईंना त्याचं काही वाटलं नाही. "येतात ना," म्हणाल्या.

दुपारी गावात जेवलो. मक्याच्या गरम टॉर्टिया आणि काळे बीन्स. बीन्समध्ये डुकराची चरबी घालायची पद्धत आहे, म्हणून विचारूनच घेतले. मग लेक आणि नवरा स्नॉर्कलिंगला, आम्ही दोघी चौकातल्या बाकावर. जहाजावर परतायला घाई नाही, धाप नाही. नवरा सुद्धा खुलला होता. मला वाटलं, जिंकले.

रात्री जेवणाच्या टेबलावर शेजारी डॅलसचं जोडपं होतं, चिचेन इत्झाला जाऊन आलेलं. चेहरे उन्हाने लालबुंद. मी मुद्दाम विचारलं, किती वेळ मिळाला? तासाभराहून थोडा जास्त. बसमध्ये जाता-येता झोपले. आणि तरीही दोघं एका सुरात म्हणाली, पुन्हा विचारलंत तर पुन्हा जाऊ. टाळीचा आवाज त्यांनी करून दाखवला, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

आमचे हे गप्प जेवत होते. केबिनमध्ये आल्यावर फोन काढला, ह्यूस्टन ते मेरीदा विमानं बघायला लागले. तिथून चिचेन इत्झा गाडीने दीड-दोन तास. आदल्या रात्री जवळच्या गावात राहायचं, सकाळी दार उघडताना आत शिरायचं, बस नाही, फेरी नाही, भोंगा नाही. याला माझी हरकत असण्याचं कारणच नाही, हेच तर मी मंगळवारपासून सांगते आहे. आई मार्चमध्ये मिरजेला परत जाणार, म्हणजे फेब्रुवारीत जमवायला हवं.

"तिथे पायऱ्या चढाव्या लागतात ना?" आईंनी पांघरुणातून विचारलं.

नाही, चढायला बंदी आहे, बरीच वर्षं झाली. कुणालाच चढू देत नाहीत.

"मग मी येते."