दसऱ्यानंतर हिरवा बंद

आमच्या वेळी साताऱ्यात चित्रकलेचे दोन तास शनिवारी जोडून असायचे, सकाळच्या शाळेत अगदी शेवटी. घंटा झाली तरी सर उठायचे नाहीत आणि आम्हीही. मग कुणाचा तरी मोठा भाऊ नाहीतर आजोबा वर्गाच्या दारात येऊन उभे राहायचे. शाळेच्या स्मरणिका समितीने मला ‘चित्रकार म्हणून जडणघडण’ असा विषय दिला आहे. फारच भारदस्त विषय झाला. मी आपली त्या तासांबद्दल लिहिते, आणि त्यातही हादग्यापासून दिवाळीपर्यंतच्या तासांबद्दल. आज इतकी वर्षं पुण्यात राहूनही माझी बरीचशी निसर्गचित्रं त्याच दिवसांतली असतात, त्याचं मूळ तिथे आहे.

आठवीत असताना सरांनी फळ्यावर विषय लिहिला, ‘शरद ऋतू’. तेव्हा घरोघरी परदेशी देखाव्यांची कॅलेंडरं टांगलेली असायची. निम्म्या वर्गाने तळ्याकाठची लालभडक, केशरी झाडं काढली. सर बाकांमधून फिरत एकेकाला विचारायला लागले, “हे झाड कुठं बघितलंस रे? गोलबागेत? का पोवई नाक्यावर?” पोरं खो खो हसायची आणि आपली पाळी आली की गप्प व्हायची. मग सर म्हणाले, “आपल्याकडची झाडं एवढ्यात पानं टाकत नाहीत. थंडी सरत आली की टाकतील. आत्ता रंग बदलतोय तो पायाखाली. उद्या सकाळी किल्ल्यावर या. आणि मोजे घालून येऊ नका.”

मोज्यांचं कोडं अजिंक्यताऱ्यावर पोचल्यावर सुटलं. ज्यांनी घातले होते ते खाली उतरेपर्यंत कुसळं उपटत होते. सरांनी त्यातलंच एक कुसळ घेतलं, तळहातावर ठेवलं आणि बाटलीतल्या पाण्याचा थेंब त्यावर सोडला. त्या काळपट तपकिरी शेपटीचा पीळ हळूहळू उलगडायला लागला आणि कुसळ आपोआप फिरू लागलं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो आणि अशा पिळांनी बी जमिनीत शिरतं, हे सरांनी सांगितलं. विज्ञानाच्या तासाला हे कुणी दाखवलं नव्हतं. पण सरांना दाखवायचं होतं वेगळंच. एक काडी मुळापासून उपटून आम्ही जवळून पाहिली. बुंध्याशी अजून हिरवी, मध्ये पिवळसर, वर तांबूस, आणि टोकाला ती काळपट कुसळं. अशा लाखो काड्यांनी भरलेला उतार लांबून तांबूस सोनेरी दिसतो. “आता सांगा, हा उतार कुठल्या ट्यूबमधून काढणार?” सरांनी विचारलं. कुणालाच सांगता येईना.

त्यानंतर तो नियम आला. दसरा झाला की तयार हिरवा रंग बंद. सॅप ग्रीनची वडी पेटीतून काढून सरांच्या टेबलावरच्या डब्यात टाकायची, ती नाताळच्या सुट्टीनंतर परत मिळायची. हिरवा हवाच असेल तर यलो ऑकरमध्ये, म्हणजे मातकट पिवळ्यात, निळा मिसळून घ्या. प्रशियन ब्लू घातला की गडद, शेवाळी हिरवा येतो. अल्ट्रामरीन घातला की मळकट, करडट. हा मळकट हिरवा आम्हाला आधी मुळीच आवडला नव्हता. पण किल्ल्याच्या पायथ्याला लावून बघितला तेव्हा तो नेमका तिथलाच निघाला.

ऑकर आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना हे दोन्ही मुळात मातीचे रंग, लोहाच्या गंजाने रंगलेले. यवतेश्वरच्या घाटातून आणलेला तांबडा जांभ्याचा खडा सरांनी एकदा खलबत्त्यात कुटला, डिंकाच्या पाण्यात कालवला आणि आम्हाला त्याने रंगवायला लावलं. जांभ्यालाही तांबडेपणा लोहामुळेच येतो. रंग जरा खरबरीत लागला, पण बाजारातल्या बर्न्ट सिएनाशेजारी ठेवला तर सख्खा भाऊ शोभेल असा.

सावल्यांचा धडा मात्र मला सर्वांत जास्त उपयोगी पडला. दसऱ्याच्या सुमारास दुपारी चारनंतर सर आम्हाला मैदानात न्यायचे. पांढरा कार्ट्रिज कागद उन्हात ठेवायचा, त्यावर पेन्सिल उभी धरायची. “सावली कुठल्या रंगाची?” सगळे म्हणाले काळी. “नीट बघा.” ती निळी होती. एकदा दिसली की मग न दिसणं शक्यच नाही. पावसाने हवेतली धूळ धुतलेली असते, आभाळ स्वच्छ असतं, आणि जिथे ऊन पोचत नाही तिथे त्या निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. मोबाईलवरच्या फोटोवरून काढलेलं निसर्गचित्र मला अजूनही यावरूनच ओळखू येतं. फोटोत सावल्या काळ्या पडतात आणि चित्रकार त्या तशाच उचलतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे सारखं सांगते आणि ते सारखे फोटो काढतात.

किल्ल्यावर उभं राहिलं की सज्जनगड, जरंडा, कल्याणगड आणि चंदन-वंदन दिसतात हे साताऱ्याच्या पोरांना सांगायला नको. पावसाळ्यात यातलं निम्मं ढगात असतं. सरांचं पंचांग म्हणजे चंदन आणि वंदन. ते दोन जोडकिल्ले एकमेकांपासून सुटे, धारदार कडांनी दिसायला लागले की शरद आला, तोवर कॅलेंडर काहीही म्हणो. मग डोंगरांच्या रांगा मोजायच्या. जवळची तांबूस, तिच्यामागची करडी, त्यामागची निळसर, शेवटची आभाळात जेमतेम वेगळी. थंडीत सकाळी धुकं आणि धूर साठायला लागला की मागच्या रांगा एकेक करून पुसल्या जातात. म्हणजे मधले काही आठवडेच काय ते आपले.

मुलींना याच दिवसांत हादगा असायचा. हस्त नक्षत्र लागलं की व्हरांड्याच्या भिंतीवर समोरासमोर तोंड केलेले दोन हत्ती रंगीत खडूंनी सर स्वतः काढायचे, आणि आम्ही त्यांना फळांच्या माळा घालायचो. खिरापत ओळखायच्या वेळी सर कुठूनतरी उगवायचेच. खंडेनवमीला आमचे कुंचले पाटावर मांडलेले असत, झेंडूच्या पाकळ्या त्यांच्या केसांत अडकायच्या आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढताना आम्ही ‘चित्रकार’ लोक सगळ्यांच्या पाट्या सुधारत फिरायचो. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची धांदलही याच सुमाराची. इंटरमिजिएटला माझी ‘ए’ श्रेणी आली, एवढी नोंद इथे करून टाकते, कारण घरात आता कुणाला तिचं काही वाटत नाही.

फुलांच्या कास पठारावर तेव्हा बामणोलीची एसटी जायची, तिने गेलो. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारशाचा मान मिळाला. आता तिथे शुल्क आहे, आगाऊ नोंदणी आहे आणि रविवारी गाड्यांची रांग आहे. आमच्या वेळी रस्त्यावर गुरं होती. कातळावर मातीचा पातळ थर, त्यामुळे मोठी झाडं धरत नाहीत आणि बारकी रोपं पावसाच्या जोरावर घाईघाईने फुलून घेतात. सीतेची आसवे हे जांभळं इवलं फूल तर अशा निकस जमिनीत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून पोट भरतं. आम्हाला गुलाबी तेरडा हवा होता, पण तेरड्याचा रंग तीन दिवस, आम्ही पोचलो तोवर तो ओसरत आलेला. सोनकी मात्र पिवळीधमक पसरलेली. सर खूश. “बहरात कुणीही काढेल. उतरणीला आलेलं रंगवा.”

सहल औंधला गेली तेव्हा खरी गंमत कळली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या तिथल्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मुलाचं शिल्पही आहे. आम्ही ते बघून बाहेर आलो तर सरांनी टेकडीवरूनच स्केच करायला बसवलं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. औंधही त्याच कोरड्या पट्ट्यातलं. त्यामुळे औंधचा शरद कासच्या शरदासारखा नव्हताच. उघडे माळ, शाळूच्या पेरणीसाठी तयार केलेली रानं, आणि ऑकरच्या इतक्या छटा की पेटीतला निळा फक्त आभाळाला लागला. आजही माझ्या प्रदर्शनात लोक विचारतात, ही दोन चित्रं वेगवेगळ्या राज्यांतली का? मी म्हणते, दोन्ही सातारा जिल्हा.

समितीने स्मरणिकेच्या मुखपृष्ठासाठी शाळेचं चित्र मागितलं, सोबत सूचना होती की पुढचा गुलमोहर फुललेला दाखवा. समारंभ नोव्हेंबरात आणि गुलमोहर फुलतो उन्हाळ्यात. फोनवर थोडी वादावादी झाली. शेवटी मी ऐकलं नाही. मुखपृष्ठावर गुलमोहराला नुसत्या शेंगा आहेत, मैदानातलं गवत वाळत आलंय आणि इमारतीची सावली निळी आहे. छापखान्याला बजावलंय की हिरवा वाढवू नका. तरी त्यांनी वाढवलाच असेल, तर तो माझा नाही.