बोगनवेलीवरचा कालवा

आज दुपारी आटपाडीत ऊन नुसतं भाजून काढत होतं. अचानक अंगणातल्या बोगनवेलीवर बुलबुलांनी असा कालवा केला की हातातला चहा ठेवून बाहेर पळाले. चांगली सहा फुटी धामण फांदीला विळखा मारून घरट्यात तोंड खुपसून बसलेली. तीन पिल्लं होती, डोळेही न उघडलेली. शेवटच्याचा पाय तिच्या जबड्यातून बाहेर लोंबत होता अन् गळ्यामागचा फुगवटा हळूहळू मागं सरकत होता. सातभाई पक्षीही धावून आले, पण ती ढिम्म.

शेजारचे काका काठी घेऊन आले.

"मारू नका काका, बिनविषारी आहे."

"अगं पण पिल्लं खाल्ली की तिनं!"

खाल्ली खरी. रानातले उंदीर खाते तेव्हा मात्र कुणी बघायला येत नाही.

आणि तिला बोलावलं कुणी? मीच. पाखरांसाठी बाजरी टाकते, पाण्याची परात ठेवते. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर, उंदरांमागं ही. या दिवसांत गारवा तरी दुसरीकडं कुठाय?

संध्याकाळी एक बुलबुल चोचीत आळी घेऊन रिकाम्या घरट्यापाशी आला. दोनदा.