संमतीपत्राने खाल्लेले चार महिने

क्लिनिकल रिसर्चच्या, म्हणजे पेशंटवरच्या संशोधनाच्या, पदव्युत्तर डिप्लोमाला प्रवेश घेतला तेव्हा मला नर्स म्हणून १४ वर्षं वॉर्डात झाली होती. नाईट, इव्हिनिंग, परत नाईट. प्रवेश, फी, हॉस्पिटलची एनओसी, शनिवार-रविवारची लेक्चर्स हे सगळं बिनबोभाट पार पडलं. न्यूरेम्बर्ग १९४७, हेलसिंकी १९६४, बेलमाँट १९७९ हा संशोधनाच्या नीतिनियमांचा पाठ झाला. स्टॅटिस्टिक्सची भीती होती, तीही गेली. (ज्यांना ती वाटते त्यांनी चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा 'हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स' हा ऑनलाइन कोर्स आधी ऐकावा. ऐकायला पैसे पडत नाहीत. मी तो लोकलमध्ये ऐकला.)

गाडी अडली ती एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीत. कुठल्या संस्थेच्या ते सांगत नाही, पण राग अजून गेलेला नाही.

डिप्लोमासाठी करायच्या अभ्यासाचा माझा विषय साधा होता. सलाईनची जागा लाल होऊन सुजली की आमच्याकडे कुणी मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) आणि ग्लिसरिनची पट्टी ठेवतं, कुणी हेपारिनॉइड मलम लावतं. ज्या सिस्टरला तिच्या सिनियरने जे शिकवलं ते. दोन्ही रोजचंच. मला पाहायचं होतं, सूज लवकर कशाने उतरते. पेशंटचे दोन गट, कुणाला काय ते चिठ्ठीने ठरणार, आणि रोज शून्य ते पाच असा फ्लेबायटिस (शिरेचा दाह) स्कोअर लिहायचा. गाइड मॅडम म्हणाल्या, "हे तर एका मीटिंगमध्ये होऊन जाईल."

कमिटी महिन्यातून एकदा बसते. कागद १५ दिवस आधी, १२ प्रतींत, स्पायरल बाइंडिंग करून. हे लक्षात ठेवा, कारण इथे एक चूक म्हणजे एक आठवडा नव्हे, एक महिना.

सप्टेंबरची मीटिंग माझ्या फाइलने पाहिलीच नाही. संमतीपत्रासोबत पेशंटला द्यायच्या इंग्रजी माहितीपत्रकाच्या तळाशी 'आवृत्ती १.०' आणि तारीख होती. मराठीच्या तळाशी आवृत्ती होती, तारीख नव्हती. ऑफिसातल्या साहेबांनी बोट ठेवून दाखवलं आणि १२ च्या १२ प्रती माझ्या हातात परत दिल्या. मी म्हटलं, "इथेच पेनाने लिहू का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी पेशंटच्या चार्टवर व्हाइटनर लावायचं म्हणाले. आज विचार केला तर त्यांचं बरोबर होतं. तेव्हा मात्र परळच्या पुलावर त्या १२ प्रतींची पिशवी घेऊन रडायला आलं होतं.

ऑक्टोबरमध्ये फाइल आत गेली आणि मराठी भाषांतरावर आपटली. संमतीपत्र मी एका एजन्सीकडून भाषांतरित करून घेतलं होतं, पानामागे पैसे मोजून. त्यात लिहिलं होतं, "सहभागींचे यादृच्छिकीकरण करण्यात येईल." म्हणजे, कोण कुठल्या गटात ते चिठ्ठीने ठरेल. नियम असा की मराठी मजकूर दुसऱ्या माणसाने, मूळ इंग्रजी न पाहता, परत इंग्रजीत करायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. त्या दुसऱ्या माणसाला यादृच्छिक शब्द कळला नसावा, त्याने अंदाजाने ठोकलं. परत आलेल्या इंग्रजीचा अर्थ होत होता, "सहभागींना मनमानी पद्धतीने वागवले जाईल." कमिटीतले एक डॉक्टर हे वाचून हसले म्हणे. मला पत्र आलं, त्यात हसू नव्हतं.

मग मी एजन्सीचा नाद सोडला. डोंबिवली-दादर फास्टमध्ये उभ्याने मोबाइलवर लिहायला घेतलं, जसं मी खाटेपाशी उभी राहून सांगेन तसं. "तुमच्या हाताला सलाईनमुळे सूज आली आहे. त्यासाठी आम्ही दोन उपचार वापरतो. दोन्हींतला कुठला जास्त चांगला, हे अजून नक्की ठरलेलं नाही. तुम्हाला त्यातला कुठला मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, मी ठरवणार नाही. बंद पाकिटातून जी चिठ्ठी निघेल त्यावर ठरेल." हे आमच्या वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे एकाला औषध नि एकाला पाणी?" त्यांच्या त्या प्रश्नावर अख्खा परिच्छेद बदलला. तुम्हीही गाइडला दाखवण्याआधी एखाद्या मावशींना वाचून दाखवा.

नोव्हेंबरमध्ये मीटिंगच झाली नाही. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे कमिटीत निदान सात जण लागतात आणि निर्णयाला किमान पाच हजर हवेत. त्या पाचांत वकील हवा, सामान्य नागरिकही हवा, नुसते डॉक्टर चालत नाहीत. वकील साहेब कोर्टात अडकले. कोरम नाही. बाहेरच्या बाकावर मी दीड तास बसून होते, नाईट करून आलेली. नियम चांगला आहे हे मला वर्गात पटलं होतं. बाकावर पटत नव्हतं.

मधल्या दिवसांत मी कमिटीच्या ऑफिसला ११ वेळा फोन केला. एकदाही उचलला नाही. गंमत म्हणजे तोच नंबर मला संमतीपत्रावर छापायचा होता, "आपल्या हक्कांबद्दल शंका असल्यास येथे संपर्क करा" असं लिहून. मी लेखी कळवलं की हा नंबर लागत नाही, दुसरा द्या. दुसरा दिला. हे मी केलं याचा मला अभिमान आहे, सांगून टाकते.

डिसेंबरमध्ये एकदाचे सगळे बसले. डॉक्टरांनी सॅम्पल साइजवर, म्हणजे किती पेशंट घेणार यावर, दोन प्रश्न विचारले, ते मी घोकून गेले होते. मग सामान्य नागरिक म्हणून असलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "चिठ्ठी म्हणजे आमच्या भिशीसारखी? भिशीत ज्याची निघते त्याला पैसे. मग ज्याची निघाली नाही त्याचं काय?" चार महिन्यांत मला विचारलेला हा सगळ्यात हुशार प्रश्न. तिथेच एक ओळ वाढवली: "उपचार दोन्ही गटांना मिळणार आहे. चिठ्ठीने फक्त कुठला ते ठरेल." आणि हिंदी प्रतही मागितली. मुंबईतल्या वॉर्डात ती लागणारच होती, मीच आधी करायला हवी होती.

जानेवारीत मंजुरीचं पत्र आलं. त्यावर मराठी प्रतीची आवृत्ती आणि तारीख बरोबर आहे का ते तिथेच उभं राहून पाहा. माझ्या पत्रात जुनी १.० पडली होती, ती १.३ करून घेतली.

हे आधी सांगायचं राहिलं: सीटीआरआय, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची ऑनलाइन नोंदवही. १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, मागाहून करत नाहीत. कमिटीचं पत्र अपलोड करावं लागतं, पण खातं उघडून बाकीचे रकाने आधी भरून ठेवता येतात. मी ते नोव्हेंबरच्या रागात भरून ठेवले होते. तरी शंका-उत्तरं होऊन नंबर हातात यायला तीन आठवडे गेले. वर्गातल्या एकीने "दोनच पेशंट तर आहेत" म्हणून आधी सुरुवात केली. तिला ते दोन्ही सोडून द्यावे लागले.

फेब्रुवारीत पहिला पेशंट. साताऱ्याकडचे आजोबा, मुलगा शेजारी. मी खुर्ची ओढून बसले आणि माझं पत्रक सावकाश वाचून दाखवलं. आजोबा नीट ऐकत होते. चिठ्ठीपाशी थांबवून म्हणाले, "म्हणजे कुठलं चांगलं ते तुम्हालाबी ठाऊक नाही?"

"नाही, आजोबा."

"आन् मी नाही म्हटलं तर? हाताकडं बघणार न्हाई का?"

"तसं नाही. नेहमीसारखं सगळं करणार."

"मग नेहमीसारखंच करा," ते म्हणाले.

स्क्रीनिंग लॉगमध्ये (ज्यांना ज्यांना विचारलं त्यांची यादी) पहिल्या ओळीत 'नकार' लिहिलं, त्यांच्या हातावर पट्टी ठेवली आणि सात नंबरच्या खाटेकडे गेले.