फादर, तुम्हीच सांगा

“फादर, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते.” कॅथलिक धर्मग्रामाचा, म्हणजे एका देवळाशी जोडलेल्या भाविकांच्या समाजाचा, प्रमुख धर्मगुरू म्हणून काम करताना हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय, तितकं दुसरं कुठलंच नाही. मुलीनं दुसऱ्या धर्मातला मुलगा पसंत केलेला असतो. भावाभावांत वाटणीवरून बोलणं बंद झालेलं असतं. मुलाला सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, जायचं असतं आणि आईचा जीव धजत नाही. समोरचं माणूस विचार करकरून थकलेलं असतं. फादर एकदाचं काहीतरी बोलले की सुटलो, अशा आशेनं ते आलेलं असतं. आणि मी तो शब्द बोलत नाही. काहींना याचं वाईट वाटतं, एकदोघांनी ते तोंडावर सांगितलंही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला कुठलाही आवाज ऐकू आला नव्हता. पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, म्हटलं की लोकांना बायबलमधला बाळ शमुवेल आठवतो, रात्री नाव घेऊन मारलेल्या हाका आठवतात. माझ्या बाबतीत ती एक ओढ होती. मी ती टाळली, तरी ती परत येत राहिली. पण नुसत्या ओढीवर कोणी धर्मगुरू होत नाही, हे बरंच आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान, मधे धर्मग्रामात राहून काम, अशी बरीच वर्षं जातात आणि त्या सगळ्या काळात दुसरी माणसं तुमचं पाचारण पारखत असतात. शेवटी ‘हो’ म्हणतात ते बिशप, चर्चच्या वतीनं. मला वाटतं म्हणून मी धर्मगुरू आहे, असं आमच्यात कोणालाच म्हणता येत नाही.

गुरुदीक्षेच्या दिवशी आम्ही वेदीसमोर जमिनीवर पालथे पडतो. कपाळ फरशीला टेकलेलं असतं आणि वरून सगळी मंडळी एकेका संताचं नाव घेऊन प्रार्थना करत असते. मग बिशप काही न बोलता डोक्यावर हात ठेवतात, तळव्यांना पवित्र तेल लावतात. त्याआधी आपले जोडलेले हात त्यांच्या हातांत देऊन आज्ञापालनाचं वचन दिलेलं असतं. मी कुठल्या धर्मग्रामात जायचं हे मी ठरवत नाही, बिशप ठरवतात. हे इथे सांगतोय, कारण माझ्या स्वतःच्या आयुष्यातले मोठे निर्णय मी एकट्यानं घेतलेले नाहीत आणि तरीही ते माझ्यावर कोणी लादलेले नाहीत. सोबत घेऊन, पण स्वतः ‘हो’ म्हणून निर्णय कसा घेतात, हे मी तिथेच शिकलो.

धर्मग्राम चालवणाऱ्या धर्मगुरूनं काय करावं, हे १९८३ च्या चर्च कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. ५२९ व्या कलमात म्हटलंय की त्यानं आपल्या हाती सोपवलेल्या लोकांना ओळखावं, त्यांच्या घरी जावं, त्यांच्या काळज्यांत आणि दुःखांत वाटेकरी व्हावं, आजाऱ्यांना आणि मरणाच्या दारी असलेल्यांना मायेनं धीर द्यावा. दुसऱ्या एका कलमानुसार दर रविवारी आणि मोठ्या सणांना एक मिस्सा (आमची मुख्य उपासना) मी माझ्या सगळ्या लोकांसाठी अर्पण करायची असते, देवळात येणाऱ्यांसाठी आणि न येणाऱ्यांसाठीही. लोकांच्या वतीनं निर्णय घ्यावेत, असं मात्र या कलमांत कुठेही नाही.

उलट जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली सांगितलं की सद्‌सद्विवेक हे माणसाच्या आतलं सर्वांत गुप्त पवित्रस्थान आहे, तिथे तो एकटा देवासोबत असतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये हीच गोष्ट आम्हा धर्मगुरूंच्या अंगाला लावून सांगितली: लोकांचा विवेक घडवणं हे आपलं काम, त्याची जागा घेणं नव्हे. घडवणं म्हणजे ‘मनाला येईल ते करा’ नव्हे. चर्च काय शिकवतं ते मी लपवत नाही, आवडणारं नसलं तरी सांगतो. शास्त्रातला उतारा देतो, तो घरी रोज थोडा वेळ शांतपणे वाचायला सांगतो. आणि येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा एक सल्ला जवळपास प्रत्येकाला देतो: मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नका. खचलेल्या मनाला जी वाट दिसते ती बहुतेक वेळा पळून जाण्याची असते. मन थाऱ्यावर आलं की पुन्हा विचार करा.

हे सगळं किती खरं आहे, हे एका कुटुंबानं मला दाखवलं. त्यांच्या परवानगीनंच लिहितो. वडील अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर. वय झालेलं, एकेक अवयव साथ सोडत चाललेला. डॉक्टरांनी विचारलेलं, पुढे किती ताणायचं? तिन्ही भावंडं बाहेरच्या बाकावर बसलेली, एकमेकांकडे न बघता. थोरला म्हणाला, “फादर, यंत्र काढलं तर आम्ही त्यांना मारलं असं होईल का? तुम्ही हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.” मी त्यांच्याशेजारी बसलो आणि चर्चची शिकवण सांगितली. जाणूनबुजून जीव घेणं कधीच चालत नाही. पण ज्या उपचारांचा भार आजाऱ्याला पेलवत नाही आणि ज्यांतून फारसं हाती लागणार नाही, ते थांबवणं म्हणजे जीव घेणं नव्हे. मरण येतंय हे मान्य करणं आहे ते. वेदना कमी करायची औषधं आणि नेहमीची देखभाल मात्र चालूच राहिली पाहिजे. आणि रुग्णाला स्वतः बोलता येत नसेल तर निर्णय त्याच्या हक्काच्या माणसांनी, त्याची रास्त इच्छा जपून घ्यायचा, हेही चर्चच सांगतं. मग मी एवढंच विचारलं, “बाबा याविषयी कधी काही बोलले होते का?”

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग धाकटी बहीण बोलायला लागली. बाबा तिच्यापाशी बोलले होते, भावांना ते ठाऊकच नव्हतं. त्यानंतर तिघांनी डॉक्टरांना पुन्हा सगळं विचारून घेतलं आणि ठरवलं. काय ठरवलं ते इथे लिहीत नाही. मी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं असतं, तर बहिणीच्या मनातलं ते बोलणं बाहेर आलंच नसतं.

दोन ठिकाणी मात्र मी ‘तुम्ही ठरवा’ असं म्हणून थांबत नाही. घरात मारहाण होत असेल, तर ‘विवाह हा संस्कार आहे, सोसा’ असं माझ्या तोंडून कधीच निघणार नाही. जोडीदारामुळे जिवाला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याचा अधिकार चर्चचा कायदाच देतो. क्षमा करायला मार खात राहावं लागत नाही. आधी सुरक्षित जागी जा, बाकीचं नंतर बोलू. दुसरं, लहान मुलाशी कोणी गैरवागणूक केली असेल, मग तो कोणीही असो, अगदी आमच्यातला असला तरी, पोलिसांकडे जायचं. मी सोबत येईन.

कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूसमोर पापांची कबुली द्यायला, बऱ्याच वर्षांत न आलेल्यांसाठीही थोडं. प्रार्थना विसरलो, कसं सुरू करू, या भीतीनं लोक आणखी वर्षं घालवतात. ‘फादर, बरीच वर्षं झाली’ एवढं म्हटलं तरी पुरे, पुढे मी मदत करतो. तिथे ऐकलेलं कोणालाही, कुठल्याही कारणासाठी सांगता येत नाही. जो धर्मगुरू ते थेट उघड करेल तो त्याच क्षणी चर्चमधून बहिष्कृत होतो. फ्रान्समधल्या आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन व्हियानी (१७८६–१८५९) यांच्याकडे दुरून माणसं यायची आणि ते दिवसाचे कितीतरी तास कन्फेशनच्या खुर्चीत बसून असायचे. लॅटिन येत नाही म्हणून सेमिनरीतून त्यांना परत पाठवलं होतं. आपण या कामाला लायक नाही असं वाटून धर्मग्राम सोडून जायचा प्रयत्नही त्यांनी एकापेक्षा जास्त वेळा केला आणि दरवेळी ते परतले. १९२९ मध्ये धर्मग्रामांच्या सगळ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून चर्चनं त्यांचंच नाव जाहीर केलं. मला जड जाणाऱ्या दिवसांत मी त्यांच्याकडेच प्रार्थना करतो.

आणि एक कळकळीची विनंती. आजाऱ्याच्या तैलाभ्यंगासाठी, म्हणजे पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्कारासाठी, मला फार उशिरा बोलावलं जातं. फादर आले म्हणजे आता संपलं, असं आजाऱ्याला वाटेल, ही भीती. पण हा संस्कार फक्त शेवटच्या घटकेचा नाही. गंभीर आजारामुळे ऑपरेशन ठरलं असेल तर त्याआधी घेता येतो, वयामुळे अंगातली ताकद ओसरली असेल तरी घेता येतो, आजार बळावला तर पुन्हाही घेता येतो. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतो तेव्हा आजारी माणूस शुद्धीत असावा, त्याला स्वतःला ‘आमेन’ म्हणता यावं, असं मला फार वाटतं. घरात कोणी आजारी असेल तर या रविवारी मिस्सेनंतर मला सांगा. रात्री गरज पडली तर रात्रीही फोन करा.