गर्भपिशवी काढल्यानंतरचे आठ आठवडे आणि एक बादली

हॉस्पिटलात पहिले दोन दिवस मला एकच प्रश्न विचारला जात होता, "गॅस पास झाला का?" राउंडला येणारे मोठे डॉक्टर, त्यांच्या मागचे शिकाऊ डॉक्टर, सिस्टर, लादी पुसणाऱ्या मावशी, सगळ्यांना त्यातच रस. 46 वर्षांच्या बाईने चारचौघांत याचं उत्तर तरी काय द्यायचं? पण तिसऱ्या दिवशी पहाटे ते झालं, तेव्हा मीच सिस्टरला हाक मारून सांगितलं. आतडी जागी झाल्याशिवाय पेज मिळत नाही, हे तोवर कळलं होतं.

चार वर्षं अंगावरून जात होतं. महिन्यातले नऊ-दहा दिवस गडद रंगाचे ड्रेस, पर्समध्ये जास्तीची सलवार, आणि ट्रेनमध्ये सीट मिळाली तरी बसायची भीती. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. शेवटी शेवटी दुसऱ्या मजल्यावर टेकावं लागायचं. हिमोग्लोबिन 7.4. सोनोग्राफीत तीन गाठी, सर्वांत मोठी 9 सेंटिमीटरची, आणि पिशवी चार महिन्यांच्या गरोदरपणाएवढी फुगलेली. गोळ्या झाल्या. तांबीसारखं एक हार्मोनचं साधन असतं, पण गाठींमुळे आतली जागाच वेडीवाकडी झालेली, तिथे ते टिकलं नसतं. मग अस्तराचा तुकडा तपासला, तो स्वच्छ आला. सलाइनमधून लोहाची इंजेक्शनं घेतली, हिमोग्लोबिन 10.6 झालं आणि तारीख मिळाली. आषाढीनंतरचा चौथा दिवस.

पिशवी मोठी म्हणून दुर्बिणीऐवजी पोट उघडून करायचं ठरलं. पिशवी, तिचं तोंड आणि दोन्ही नळ्या काढल्या, अंडाशयं ठेवली. ती चांगली असली तर या वयात ठेवतात, कारण हार्मोन्स तिथून येतात. नळ्या मात्र काढतात, कारण अंडाशयाचे म्हणून जे कॅन्सर ओळखले जातात त्यातले काही मुळात नळ्यांत सुरू होतात. हे डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. तो कागद मी जपून ठेवलाय. चित्र बैलाच्या डोक्यासारखं दिसतं.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही, मी झोपले होते. पुढचं मात्र सगळं जागेपणी झालं.

घरी आले पाचव्या दिवशी. तीन मजले चढायला पंचवीस मिनिटं लागली. मुलगा प्लास्टिकचं स्टूल घेऊन पुढे पळायचा, प्रत्येक वळणावर ठेवायचा, मी बसायची. खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून म्हणाल्या, "अगं, केवढी उतरलीस! पण सुटलीस बाई कटकटीतून." मी हसले आणि टाक्याला अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. हसणं, खोकणं, शिंकणं यासाठी एक छोटी उशी कायम हाताशी ठेवायची आणि पोटावर दाबून धरायची, हे आदल्याच दिवशी शिकवलं होतं. उशी सामानाच्या थैलीत होती, थैली मुलाकडे, मुलगा तिसऱ्या मजल्यावर.

उठायचंही शिकावं लागलं. सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपर टेकून अंग उचलायचं. पहिले चार दिवस हे करताना मी नवऱ्याला शिव्या घालत होते, तो बिचारा फक्त हात पुढे करून उभा असायचा. घरात संडास भारतीय पद्धतीचा, उकिडवं बसणं शक्यच नव्हतं. मेडिकलच्या दुकानातून कमोडची खुर्ची भाड्याने आणली. ज्यांच्याकडे असा संडास आहे त्यांनी ही सोय ऑपरेशनच्या आधी करावी, नंतर नको. रोज रात्री कोमट पाण्यातून इसबगोल. कुंथायचं नाही, अशी सक्त ताकीद होती.

चालायचं मात्र पहिल्या दिवसापासून. पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत बारा पावलं होतात. दर दोन तासांनी दहा फेऱ्या. सासूबाई माळ ओढत बसलेल्या असायच्या, त्या मण्यांवर मोजायच्या. देवाच्या खात्यात माझ्या फेऱ्या किती जमा झाल्या कोण जाणे.

नवव्या दिवशी गवारीची भाजी खारट झाली म्हणून मी अर्धा तास रडले. भाजी नवऱ्याने केली होती आणि खरं तर तेवढी खारट नव्हती.

या सगळ्यात सोपा काळ पहिले दोन आठवडेच, असं मी आता म्हणेन. दुखत असतं, त्यामुळे माणूस आपोआप ऐकतं. खरी पंचाईत दुखायचं थांबतं तेव्हा होते. बाहेरचा टाका आडवा, पातळ रेघेसारखा सुकलेला. खालचं थोडं तपकिरी जायचं, तेही आतले टाके विरघळतात म्हणून, असं सांगितलेलंच होतं. सकाळी उठल्यावर इतकं बरं वाटायचं की मी झोपून काय राहिलेय, असं व्हायचं. संध्याकाळी मात्र पोट ढोलासारखं फुगायचं, चड्डीचं इलॅस्टिकसुद्धा सहन व्हायचं नाही. सकाळचं शरीर एक बोलायचं आणि संध्याकाळचं दुसरंच. मी सकाळच्यावर विश्वास ठेवला.

विसावा दिवस, नागपंचमी. आमच्याकडे त्या दिवशी चिरत नाहीत, तळत नाहीत. सासूबाईंनी पुरणाची दिंडं उकडायला ठेवलेली. आमच्याकडे पाणी सकाळी पावणेसहा ते सात. नळ मोरीत, पिंप स्वयंपाकघरात, मध्ये पाइप. तो पाइप त्या दिवशी नेमका फाटला. नवरा नाइट शिफ्टहून यायचा होता, मुलगा क्लासला गेलेला. पावणेसात वाजले आणि मला राहवेना. पाणी वाहून जाताना बघायचं आणि बसून राहायचं, हे मुंबईत वाढलेल्या बाईला जमत नाही. मी बादली भरली, उचलली, पिंपात ओतली. काही झालं नाही. मग दुसरी. तिसऱ्या बादलीला आत कुठेतरी खाली ओढल्यासारखं झालं, दुखलंही नाही, फक्त ओढ. अर्ध्या तासात लाल भडक रक्त दिसलं.

रिक्षा, मग टॅक्सी, मग हॉस्पिटल. वाटेत मनात फक्त हिशेब चालू होता. पंधरा लिटरची बादली म्हणजे पंधरा किलो. मला मुभा होती दोन ते तीन किलोची.

डॉक्टरबाईंनी तपासलं. नशिबाने टाके शाबूत होते, एका बाजूला थोडा भाग हुळहुळा होऊन रक्त आलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला दिसतोय तो टाका कातडीचा. पिशवीचं तोंड काढल्यावर योनीचा वरचा भाग शिवून बंद केलाय, ती शिवण तुम्हाला दिसत नाही. आणि पोटाच्या भिंतीत एक चिवट पडदा असतो, सगळा भार त्याच्यावर. तो सहा आठवड्यांनीसुद्धा जेमतेम अर्ध्या ताकदीला येतो." नवऱ्याशी संबंधही सहा-आठ आठवडे आणि तपासल्याशिवाय नाही, हे त्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी त्याला समोर बसवून. तो छताकडे बघत होता.

घरी आले तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. रात्री सगळे झोपल्यावर त्या माझ्या पलंगावर येऊन बसल्या आणि त्यांनी पदर बाजूला केला. बेंबीखालचा उभा टाका मी लग्न झाल्यापासून ओझरता पाहिला होता. त्याच्या शेजारी लिंबाएवढा उंचवटा होता. "खोकते, बघ," असं म्हणून त्या खोकल्या, आणि लिंबाचं मोसंबं झालं. त्यांचीही पिशवी काढली होती, माझ्या लग्नाच्या आधी. पंधराव्या दिवशी खालच्या नळावरून हंडे आणायला लागल्या. "कोण होतं आणायला? तुझे सासरे? ते पेपर वाचत होते." उंचवटा हर्नियाचा. पट्टा बांधून त्यांनी इतकी वर्षं काढली आणि मी समजत होते की पट्टा कंबरदुखीसाठी आहे. "बाळंतिणीला सव्वा महिना मिळतो," म्हणाल्या, "कारण मांडीवर पोर दिसतं लोकांना. आपल्या मांडीवर काय दिसणार? आपणच दिवस मोजायचे." मग पदर सारखा करून झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मोरीला बाहेरून कडी. पाणी मुलगा भरणार, मग क्लासला उशीर झाला तरी चालेल.

त्यानंतर मी संध्याकाळच्या शरीराचं ऐकायला लागले. संध्याकाळी पोट फुगलं तर दुसऱ्या दिवशीचं काम निम्मं. नाही फुगलं तर तेवढंच, जास्त नाही. बऱ्या दिवशी जास्त न करणं मला सगळ्यांत जड गेलं. सातव्या आठवड्यात गणपती आले. उकड मळायला जोर लागतो, ती नवऱ्याने मळली, मी खुर्चीत बसून फक्त कळ्या पाडल्या. एकवीस मोदकांनंतर उठले आणि आत जाऊन आडवी झाले, पाहुणे बाहेर बसलेले असताना. दोघी-तिघींना ते खटकलं, हे मला नंतर कळवण्यात आलंच.

रिपोर्ट साध्या गाठींचा आला. कपाटात पॅडची तीन न फोडलेली पाकिटं होती, ती भाचीला दिली. चौथं फोडलेलं होतं, त्यात दोन उरलेले. ते टाकवेनात, अजून तिथेच आहेत. अंडाशयं असल्यामुळे महिन्यातून एकदा छाती दुखते, चिडचिड होते, पाळी येणार असं वाटतं आणि काही येत नाही. टाक्याच्या वरचा चार बोटांचा पट्टा बधिर आहे. तिथे खाजवलं तर दुसऱ्याच्या अंगाला खाजवल्यासारखं वाटतं. कापलेल्या बारीक नसा हळूहळू जुळतात, त्याला महिने लागतात, असं सांगितलंय.

ऑफिसात साहेबांना आठ आठवडे फार वाटले. "माझी वहिनी पंधराव्या दिवशी कामावर होती." वहिनीचं दुर्बिणीने झालं असेल, पोटावर तीन भोकं. आतली शिवण तिचीही तीच. हे मी त्यांना सांगितलं नाही, सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं.

अनंत चतुर्दशीनंतरच्या सोमवारी निघाले. विक्रोळीला फक्त स्लो गाड्या थांबतात, त्याही सकाळी भरून येतात. गरोदर बाईला दिव्यांगांच्या डब्यात चढता येतं, माझ्यासारखीला नाही. लेडीज डब्यासमोर पर्स पोटावर धरून उभी राहिले. पहिली गाडी आली, दारात बायका लोंबकळत होत्या. सोडली. दुसरीत एकीने हात पुढे केला, "चढा ना मॅडम, होईल!" पूर्वीची मी चढले असते, कोपराने जागा करत. मी मान हलवली. तिसरीला आत थोडी फट दिसत होती, तरी पुढे घाटकोपरला गर्दी घुसली की काय होणार ते माहीत होतं. तीही सोडली. चौथीत चढले, तिघींच्या बाकावर कडेची चौथी सीट मिळाली, अर्धी बाहेर, अर्धी आत. पंधरा मिनिटांचा लेट मार्क लागला.