पावती होती, नोंदणी क्रमांक नव्हता

लिंगाला ताठरता न येण्याच्या तक्रारीसाठी आलेल्या पन्नाशीतल्या एका गृहस्थांच्या फाइलमध्ये परराज्यातील स्टेम सेल क्लिनिकची लाखाच्या वरची पावती होती आणि तिच्याच मागे ‘हा उपचार संशोधनाचा भाग आहे’ असे लिहिलेले संमतिपत्र होते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या व तत्सम ठरावीक विकारांसाठी होणारे प्रत्यारोपण सोडले, तर मूळपेशींचा, म्हणजेच स्टेम सेलचा, वापर नोंदणीकृत चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. या कागदांवर चाचणीचा नोंदणी क्रमांकच नव्हता. कमरेच्या हाडातून मज्जा काढून टोचली गेली होती. मात्र जुना मधुमेह असूनही लिंगातला रक्तप्रवाह मोजणारा डॉपलर (सोनोग्राफीचा एक प्रकार) करावा, असे कोणालाही वाटले नव्हते.

ही तपासणी घाईत केली की हमखास फसते. रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या पॅपावेरीनचे इंजेक्शन दिल्यानंतर अनोळखी माणसांसमोर रुग्ण धास्तावलेला असतो, ॲड्रिनॅलिनमुळे औषधाचा परिणाम दबतो आणि निरोगी धमनीही रोगट दिसू शकते. म्हणून मी खोलीतली माणसे बाहेर काढतो, दर पाच मिनिटांनी रक्तप्रवाहाचा वेग मोजतो आणि पहिल्या आकड्यावर कधीच विसंबत नाही. सेकंदाला 25 सेंटिमीटरच्या खाली वेग राहिला, तर धमनीतच दोष असल्याचे आम्ही धरतो. यांचा वेग शेवटपर्यंत 18 च्या पुढे सरकला नाही. लिंगातली धमनी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाची तीन-चार मिलिमीटरची. त्यामुळे अडथळ्याची चाहूल बहुधा इथेच आधी लागते. हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले, तेव्हा अँजिओग्राफीत मोठा अडथळा सापडला.

“मग महिनाभर फरक कसा पडला, डॉक्टर?” या त्यांच्या प्रश्नावर मी सांगितले की, नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांनाही या तक्रारीत काही काळ बरे वाटू शकते आणि म्हणूनच चाचणीत तुलनेचा गट ठेवावा लागतो. त्यांना ते पटले नाही. त्या क्लिनिकमध्ये त्यांचे म्हणणे तासभर ऐकून घेतले गेले होते. आमच्यातले कित्येक जण मान वर न करता सिल्डेनाफिल (व्हायग्रातले औषध) लिहून देतात, त्याच्यासोबत घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या उतरवणारे नायट्रेट हृदयासाठी चालू आहे का, एवढेही विचारत नाहीत, तेव्हा रुग्ण तिकडे वळला तर दोष कोणाला द्यायचा?

वैद्यक परिषदेकडे तक्रार करा, असे मी सुचवले. नाव बाहेर येईल म्हणून त्यांनी नकार दिला आणि दुसऱ्या डोसचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळवण्यासाठी माझी चिठ्ठी मागितली. ‘हृदयविकारामुळे तूर्त कोणतीही प्रक्रिया करू नये’ असे मी लेटरहेडवर लिहून दिले.